सत्त्याऐंशीव्या प्रश्नातला पाहुणा

“सर, सत्त्याऐंशीचं उत्तर चुकलंय.”

हेमलता गुरव माझ्या टेबलापाशी उभी होती. हातात डब्याची पिशवी, आणि आवाज असा की चूक जणू तिचीच झाली होती. सोमवारची दुपार, सव्वातीनचा सुमार. वाचनालयात पंख्याखाली दोन मुलं वर्तमानपत्रावर डोकं टेकून झोपली होती.

“कुठलं सत्त्याऐंशी?” मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

“रजिस्टरातलं. पाहुण्याचं.”

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. सांगलीपासून दीड तासावर, उघड्या माळावर बांधलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तेव्हा सहायक ग्रंथपाल होतो. नव्या पुस्तकांची नोंद करायला आणलेलं एक लांबट रजिस्टर कोरंच पडून होतं, कारण नवी पुस्तकं येणं थांबलं होतं. त्याचा वेगळाच उपयोग सुरू झाला.

सॉफ्टवेअर कंपन्या नोकरीसाठी लेखी परीक्षा घेत आणि पेपर परत मागून घेत. त्यावर मुलांनी एक रीत काढली होती. हॉलमध्ये शिरण्याआधी वाटणी व्हायची, तू एक ते तीन, तू चार ते सहा. आपल्या वाटणीचे तीन प्रश्न सुटले नाहीत तरी चालतील, पण पाठ करून बाहेर यायचं. परीक्षा कोल्हापूरला असली तर परतीच्या एसटीत कुणी कुणाशी बोलत नसे, बोललं की प्रश्न डोक्यातून सांडतात म्हणून. तोंड मिटून सगळे थेट माझ्या टेबलाशी यायचे आणि एकेक जण प्रश्न सांगून मोकळा व्हायचा. माझं अक्षर बरं होतं, म्हणून लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी मुलं मला ‘ओ लायब्ररी’ अशी हाक मारत. रजिस्टर सुरू झाल्यावर मी उपाध्येसर झालो.

पहिल्या वर्षी उत्तरांचा रकाना रिकामा राहायचा. तो मला बघवेना. मी कपाटातलं सी या संगणकाच्या भाषेचं पुस्तक घरी नेलं आणि बेचाळिसाव्या पानापर्यंत पोचायला दोन महिने घेतले. संगणकाला मी हात लावला नव्हता. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. एकदा गेलो तर तिथल्या साहाय्यकानं विचारलं, “आपलं काय काम, सर?” मी चपला घालून परत आलो. पुन्हा गेलो नाही. मग मी कागदावरच चौकोन काढायचो, त्यात आकडा लिहायचो आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचत आकडे बदलत जायचो. बायको म्हणायची, “या वयात काय हे पत्ते मांडून बसता?” पण उत्तरं यायची. मुलं ती पाठ करायची.

पुण्याची एक कंपनी दर फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात यायची. तिच्या पेपरात पर्याय नसत. उत्तर लिहा आणि एका वाक्यात कारण द्या, एवढंच. प्रश्न दिसायला तिसरीतल्या बेरजेसारखे, आणि प्रत्येकात कुठेतरी खड्डा खणलेला. सत्त्याऐंशीवा प्रश्न त्यातलाच, वर्षापूर्वी मुलांनी आणलेला. तो साध्या शब्दांत असा: एका डब्यात पाच हा आकडा आहे. एकाच ओळीत तो डबा दोनदा उघडायचा. दर खेपेला आतला आकडा आधी एकानं वाढवायचा आणि मग वापरायचा. दोन्ही खेपांची बेरीज किती?

मी उत्तर लिहिलं होतं तेरा. आणि कारणाच्या जागी एक इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. मराठीत त्याचा अर्थ असा होईल: ‘पहिला पाहुणा घर बदलून जातो, दुसरा येतो तेव्हा त्याला बदललेलं घर मिळतं, म्हणून सहा आणि सात, तेरा.’ ते लिहून झाल्यावर मी तीनदा वाचलं. मी असं एरवी करत नाही.

मुलांना ते आवडलं होतं. वर्गाचा पुढारी अभिजित थोरवत जाता-येता म्हणायचा, “सर, पाहुणा तोंडपाठ झाला बघा. चहा पाजून पाठवू का त्याला?”

आणि आता ही मुलगी म्हणत होती, ते चुकलंय.

“लॅबमध्ये मी तो प्रोग्रॅम चालवून बघितला,” हेमलता म्हणाली. “तिथं चौदा येतं.”

“चौदा?”

“मग मला वाटलं तुमचं चुकलं आणि मशीनचं बरोबर. पण काल सांगलीला मामेभावाच्या क्लासमध्ये बघितलं. त्याच्याकडं दुसरं सॉफ्टवेअर आहे. तिथं तेरा.” तिनं पिशवी टेबलावर ठेवली. “दोन मशीन दोन उत्तरं देतात सर. असं कसं?”

“मला काय विचारतेस? मी मशीनला हातसुद्धा लावलेला नाही.”

“तुम्हाला पुस्तकं माहीत आहेत ना.”

गुरुवारी परीक्षा होती. चव्वेचाळीस मुलं बसणार होती आणि त्यातल्या बहुतेकांना पुढेमागे दुसरी एखादी कंपनी मिळालीच असती. हेमलताचं तसं नव्हतं. तिची आई मिरजेच्या दवाखान्यात सात महिने होती. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर, त्यांना सीझनमध्ये रजा नाही, म्हणून ही आईजवळ राहिली. आई गेली आणि हिचं एक वर्षही गेलं. कंपन्यांच्या अर्जात एक अट असायची, शिक्षणात खंड नसावा. पुण्याच्या या कंपनीच्या अर्जात ती नव्हती. इतरांना ही एक परीक्षा होती, तिला एवढीच होती.

संदर्भग्रंथांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. त्यात सी भाषेवरचा एक जाडजूड ग्रंथ होता. तो कुणी कधी मागितला नव्हता, आणि संदर्भग्रंथ घरी द्यायचा नाही असा नियमही होता. मी कुलूप काढलं.

“उद्या आणशील?”

“सकाळीच आणते.”

पुस्तकाच्या खिशातलं कार्ड काढून मी त्यावर तिचं नाव लिहिलं आणि तारीख घातली. त्या कार्डावर लिहिलेलं ते पहिलंच नाव. कार्ड ट्रेमध्ये ठेवलं असतं तर मुख्य ग्रंथपालांना दिसलं असतं. म्हणून मी ते माझ्या खिशातल्या डायरीत घातलं. डायरी लहान होती, कार्ड थोडं वर राहिलं.

मंगळवारी सकाळी वाचनालय झाडून होत होतं तेव्हाच ती आली. पुस्तकात एसटीचं तिकीट खुणेला घातलं होतं.

“सापडलं सर. हे बघा.”

मी उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून वाचलं. एकाच ओळीत एकच डबा दोनदा बदलला तर आधी काय व्हायचं ते भाषेच्या नियमांनी ठरवलेलंच नाही. कुठलं मशीन काहीही करेल; एखादं आधी दोनदा वाढवून मग सात आणि सात घेईल. म्हणजे उत्तर तेरा नाही, चौदाही नाही. निश्चित उत्तर नाही, हेच उत्तर.

“मी ती ओळ चारदा लिहून काढली,” ती म्हणाली. “आता झोपेत विचारलं तरी सांगेन.”

“म्हणजे पाहुणे दोघं एकदमच दारात आले,” मी म्हणालो.

“हो की! आणि आधी कोण आत जाणार ते ठरलेलंच नाही.” ती हसली. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं. “पण तुमचं वाक्य छान होतं सर.”

मी रजिस्टर काढलं. सत्त्याऐंशीची ओळ उघडली. लाल शाईचं पेन हातात घेतलं. त्या रजिस्टरात तोवर एकही खाडाखोड नव्हती. मला त्याचं बरं वाटायचं.

“आता खोडलं तर मुलं गोंधळतील,” मी म्हणालो. “परवावर परीक्षा आलीय. एक चुकलं तर बाकीच्या सगळ्यांवरचा विश्वास उडेल. आणि प्रश्न येईलच असंही नाही.”

“नाही येणार बहुतेक.”

“तू आत्ता कुणाला सांगू नकोस. परीक्षा झाल्यावर मी दुरुस्त करतो.”

तिनं मान हलवली. “नाही सांगत. तुम्ही म्हणाल तसं.”

जाताना दारात थांबून म्हणाली, “पण सर, माझ्या पेपरात मी माझंच लिहू ना?”

“तुझंच लिही,” मी म्हणालो. एवढं तरी म्हणालो.

पुस्तक मी कपाटात ठेवलं. कार्ड डायरीतच राहिलं.

गुरुवारी दहाला परीक्षा सुरू झाली. साडेअकराला मुलं नेहमीसारखी धावत वाचनालयात आली, पण या वेळी तोंड मिटलेलं कुणाचंच नव्हतं.

“सर, आला! पाहुणा आला!” अभिजित दारातूनच ओरडला. “सरळ सत्त्याऐंशी! आकडासुद्धा बदलला नाही त्यांनी!”

“हळू, हळू. वाचनालय आहे.”

“आज कसलं हळू ओ? सगळ्यांनी तुमचं वाक्य ठोकलंय, शब्दाला शब्द. पुण्याला गेलो की पहिला पेढा तुम्हाला.”

दहाबारा मुलं टेबलाभोवती उभी होती. कुणीतरी ते इंग्रजी वाक्य शाळेतल्या प्रार्थनेच्या चालीवर म्हणू लागलं आणि बाकीचे त्याच्या मागून म्हणू लागले. मी खाली बघून रजिस्टराची पानं सारखी करत होतो. हेमलता मागे, दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हलकेच मान डोलावली. आपण आपलंच उत्तर लिहिलं, असं सांगत होती.

दोन वाजता निकाल लागणार होता. अडीच झाले. तीन झाले. सव्वातीनला प्राचार्यांचा शिपाई हणमंतमामा आला.

“उपाध्येसर, बोलावलंय.”

“मला?”

“तुम्हालाच. तिकडं दंगा चाललाय. कुणालाच घेत नाही म्हणतोय तो पुण्याचा साहेब.” मग जवळ येऊन हळू म्हणाला, “त्या गुरवाच्या पोरीचं काहीतरी आहे. उपाध्येसरांना विचारा, उपाध्येसरांना विचारा, एवढंच म्हणतीया.”

प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर हेमलता बसली होती. मला येताना बघून ती उठून उभी राहिली आणि हसली. जीव भांड्यात पडल्यासारखी.

“आले सर,” ती कुणाला तरी म्हणाली. बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

आत प्राचार्य होते आणि कंपनीचे वर्तक म्हणून गृहस्थ होते. पस्तिशीचे असतील. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, वर अर्धा कप चहा.

“या, बसा,” वर्तक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची देणारे त्या खोलीत ते पहिलेच. “तुम्हाला उगाच त्रास दिला. आधी एक गंमत ऐका. चव्वेचाळीसातल्या एकतीस मुलांनी एका प्रश्नाला हे उत्तर लिहिलंय.”

त्यांनी वरचा कागद उचलला आणि वाचला. माझं वाक्य. पहिला पाहुणा, दुसरा पाहुणा, बदललेलं घर. ते नाटकात वाचतात तसं हातवारे करून वाचत होते. शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, “आता सांगा, कुठल्या महाकवीनं लिहिलंय हे? बेरीज विचारली तर घरी पाहुणे आले!”

प्राचार्य हसले. हणमंतमामा दारात होता, तोही हसला.

“आणि चुकीचं आहे, हे विशेष,” वर्तक म्हणाले. “एखाद्यानं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरगं विचार करतंय. एकतीस जणांनी? मी त्यांना चोर म्हणत नाही. कुठून तरी पाठ केलंय. पण पाठ करणारे मला नकोत, आणि उरलेले बाकीच्या प्रश्नांतच पडलेत. तो विषय संपला. माझा प्रश्न एका मुलीचा आहे.”

त्यांनी बाजूला ठेवलेली एक उत्तरपत्रिका पुढे ओढली.

“हिचं उत्तर बरोबर आहे. एकटीचं. पण अडचण अशी की हिनं जे कारण लिहिलंय ते आमच्या उत्तरसूचीत आहे तस्संच आहे. शब्द न् शब्द. आणि ती उत्तरसूची काल रात्रभर तुमच्या गेस्ट हाउसवर माझ्या बॅगेत होती.”

“आमच्या कॉलेजात असलं कधी झालं नाही,” प्राचार्य म्हणाले.

“मी कुठे म्हणतो झालं? ती मुलगी म्हणते, पुस्तकातून पाठ केलं. पुस्तकाचं नावही सांगते. आता खोटं कशाला बोलू, मीसुद्धा ती ओळ त्याच पुस्तकातून उचललीय. पण तुमचे प्राचार्य म्हणतात ते पुस्तक कुलपात असतं.”

“संदर्भग्रंथ बाहेर जात नाहीत,” प्राचार्य म्हणाले. “नियम आहे. किल्ली यांच्याकडे असते.”

“म्हणून तुम्हाला बोलावलं,” वर्तक माझ्याकडे वळले. “ती म्हणते सोमवारी तुम्ही तिला ते घरी दिलंत. दिलं असेल तर तुमच्या नियमाबियमाशी मला कर्तव्य नाही. उलट असं पुस्तक घरी नेऊन वाचणारी मुलगी मला हवीच आहे. आत्ता पत्र देऊन जातो. फक्त हो की नाही ते सांगा. दिलं होतं?”

डायरी खिशात होती. कार्डाचं टोक छातीला टोचत होतं, किंवा मला तसं वाटत होतं.

मी म्हणालो, “आठवत नाही.”

“सोमवारचीच गोष्ट आहे ही.”

“बरीच मुलं येतात,” मी म्हणालो. “परीक्षेच्या दिवसांत गर्दी असते. नक्की आठवत नाही.”

वर्तकांनी चष्मा काढला. मी हो म्हणायला त्यांना हवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी हेमलताची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात घातली आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “यात मी जोखीम घेऊ शकत नाही.”

बाहेर आलो तेव्हा ती उभीच होती. मी हातरुमाल काढून तोंड पुसलं आणि पुढे गेलो. तिनं मागून “सर” म्हटलं असेल, नसेल. मला ऐकू आलं नाही असं मी धरून चाललो.

त्या दिवशी घरी मी बायकोला सांगितलं, हो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. पुस्तक नियमाबाहेर दिलं, रजिस्टर ठेवलं, तीन वर्षांत पेन्शन व्हायची आहे. तिनं ते ऐकून घेतलं. काही वर्षं मीही त्यावर विश्वास ठेवला. पण ते खरं नव्हतं. प्राचार्यांनी फार तर एक मेमो दिला असता, आणि वर्तकांना रजिस्टराबद्दल विचारायचंही नव्हतं. त्यांनी पुढचा प्रश्न कुठलाच विचारला नसता.

ते वाक्य वाचून सगळे हसले, तेव्हा मीही हसलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जन्मभर पुस्तकांत राहून माझ्या हातून लिहिलं गेलेलं, दुसऱ्यांनी पाठ करावंसं वाटलेलं तेवढं एकच वाक्य, आणि ते वाचलं गेल्यावर मी प्राचार्यांच्या बरोबरीनं हसलो. हसून झाल्यावर त्या खोलीत मला कपाट, किल्ली, वाचनालय, रजिस्टर यातलं काहीच तोंडी आणवेना. एक धागा ओढला तर तो पाहुणा माझ्याच घरचा निघेल असं वाटलं. मला पुन्हा एकदा तसं हसणं ऐकायचं नव्हतं. एवढ्यासाठी.

ती कंपनी पुन्हा आमच्याकडे आली नाही. अभिजितला पुढच्या वर्षी बंगलोरला नोकरी लागली. त्यानंच एकदा पत्रात कळवलं होतं, हेमलता पलूसला एका क्लासमध्ये टायपिंग आणि संगणक शिकवते म्हणून. त्यापुढचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. रजिस्टर निवृत्तीच्या दिवशी घरी आणलं. सत्त्याऐंशीचं उत्तर त्यात अजून तेरा आहे.

पण शुक्रवारचं सांगायचं राहिलं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयात कुणी फिरकलं नाही. मुलांना माझा राग आला होता की स्वतःचा, मला कळलं नाही. वर्तमानपत्रं घडी न मोडता पडली होती. सव्वातीनच्या सुमाराला हेमलता आली. हातात तीच डब्याची पिशवी. डोळे सुजलेले होते, पण केस नीट विंचरलेले होते.

“बस,” मी म्हणालो.

ती बसली नाही.

“प्राचार्यसर म्हणाले, तुम्हाला आठवलं नाही.”

मी टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे ठेवला.

“मी घरी पप्पांनाही तेच सांगितलं,” ती म्हणाली. “म्हटलं, सरांचं वय झालंय, दिवसाला शंभर मुलं येतात, कुणाकुणाचं लक्षात ठेवणार. मीच एखाद्या मैत्रिणीला बरोबर आणायला हवं होतं पुस्तक नेताना. एकटीच आले.” मग घाईनं म्हणाली, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका सर. मी तेवढंच सांगायला आले. तुम्ही काल चेहरा एवढासा करून गेलात.”

ती माझी समजूत घालायला आली होती.

मला काहीतरी करायला हवं होतं. मी उगाच खालचा खण उघडला, काही शोधतोय असं दाखवत वाकलो. शर्टाचा खिसा पुढे झुकला आणि डायरी खाली पडली. कार्ड तिच्यातून सुटून फरशीवर गेलं, तिच्या पायाजवळ, लिहिलेली बाजू वर करून.

तिनं ते उचललं. उचलताना वाचलं असणार. एकच नाव होतं त्यावर, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात. गुरव हेमलता. आणि सोमवारची तारीख.

 ती कार्डाकडे बघत होती. मग माझ्या खिशाकडे बघितलं. मग पुन्हा कार्डाकडे. मी उठून उभा राहिलो होतो आणि माझे हात टेबलावर होते. मला वाटलं ती काही विचारेल. तिनं विचारावं असंही वाटलं. मी कदाचित सगळं सांगितलं असतं.

तिनं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. सरळ, माझ्या बाजूनं वाचता येईल असं.

“सर, माझं नाव खोडायचं राहिलंय.”

“हो.”

“पुस्तक माझ्या नावावर राहील. जूनमध्ये कॉलेज सोडताना नो-ड्यूजला अडकायला नको.”

मी लाल शाईचं पेन घेतलं. टोपण काढायला वेळ लागला. तिच्या नावावर मी एक आडवी रेघ ओढली. ती रेघ नावाच्या मधूनही नीट गेली नाही.

“परत केल्याची तारीख पण टाकावी लागते ना?” ती म्हणाली.

मी सवयीनं त्या दिवसाची तारीख लिहायला पेन टेकवलं.

“मंगळवारची टाका सर. मी मंगळवारी सकाळी परत केलं होतं.”

“हो,” मी म्हणालो. “तू सोमवारी नेलंस आणि मंगळवारी सकाळी परत केलंस. मी स्वतः दिलं होतं तुला.”

आवाज अगदी स्पष्ट आला. वाचनालयात आम्ही दोघंच होतो.